क्रॉसिंगचा हात

दैवशालाच्या हाताला मागणी होती. हसनाबादच्या आसपासच्या गावांत शेडनेटखाली मिरचीचं बी धरायचं काम चालतं. कंपनी रोपं ठरवून देते, शेतकरी हिरव्या जाळीचं नेट उभारतो आणि बायका सकाळच्या गारव्यात वाकून फुलाफुलाला हाताने पराग लावतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. नराच्या फुलांची भुकटी छोट्या वाटीत घ्यायची, बोटाच्या टोकावर उचलायची आणि मादीच्या फुलाच्या मधोमध टेकवायची. जोर झाला तर फूल गळतं, कमी पडला तर फळ पोचट निघतं. सगळ्या मादीच्या ओळी अशा लावून झाल्या की मग नराची ओळ उपटून बांधावर फेकायची, म्हणजे बियांत भेसळ होत नाही. लग्न होऊन आल्यापासून दैवशाला हे करत आली होती. गावोगावचे प्लॉट ठरवणारा कंपनीचा माणूस रखमाजी तिच्या नवऱ्याला, शिवाजीला, तोंडावर सांगायचा, "दाजी, मी तुमचं नेट बघून प्लॉट देत न्हाई. अक्काचा हात बघून देतो."

दैवशालाचा दुसरा उद्योग म्हणजे काळजी करणं. तृप्ती तिची एकुलती एक. ती पुण्याला शेतकीच्या कॉलेजात शिकत होती त्या वर्षांत दैवशालाला धड झोप लागली नाही. संध्याकाळचा फोन उचलला गेला नाही तर ती तृप्तीच्या खोलीवरच्या मुलींना फोन लावायची, त्यांनी नाही उचलला तर मेसवालीला. एकदा तर तिने मिथुनला, म्हणजे तृप्तीच्या वर्गातल्या पोराला, भर परीक्षेच्या दिवशी फोन करून विचारलं होतं, "बाळा, माझी पोरगी जेवली का?" वर्गात त्याची फार चेष्टा झाली म्हणे. तृप्तीने आठ दिवस आईशी अबोला धरला आणि मग स्वतःच हसत फोन केला, "आई, मी जेवले. मिथुनपण जेवला. अजून कोणाचं विचारायचंय?"

डिग्री हातात घेऊन तृप्ती गावी परत आली ती नोकरी शोधायला नाही, तर एक वेल घेऊन. हॉप्स त्या वेलीचं नाव. मिथुन आता पुण्यात एका लहान ब्रुअरीत कामाला होता. तिथे स्वतःची बिअर स्वतःच बनवतात आणि तिथेच गिऱ्हाइकाला देतात. बिअरला कडूपणा आणि वास येतो तो या वेलीच्या हिरव्या बोंडांमुळे, आणि ती वाळलेली बोंडं परदेशातून मागवावी लागतात. मालकाला जवळपासचा ताजा माल हवा होता. हा माल थंड मुलखाचा, पण नेटखाली, नीट सांभाळून, इकडेही येऊ शकतो असं तृप्तीने कुठे कुठे वाचून पक्कं केलं होतं. हिमाचलच्या एका माणसाकडून तिने रोपं मागवली.

"म्हंजी दारूची शेती," शिवाजी म्हणाला.

"अण्णा, ह्यात नशा नसते. नशा जवाची असते. हे नुसतं कडू."

"कडू तर आपल्याकडं कारलंबी येतंय."

दैवशालाच्या मनातही धाकधूक होती. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला ग्रामसभेत हात वर करणाऱ्या बायकांत ती पुढे होती. पण पोरगी घरी राहणार म्हटल्यावर तिने धाकधूक गिळून टाकली. शेवटी शिवाजीने अट घातली, ती जेवताना, तृप्तीकडे न बघता.

"एक हंगाम नेट देतो. मिथुनच्या मालकानं माल घेतला तर नेट तुझं, मी ब्र काढनार न्हाई. न्हाई घेतला तर मंग पुढच्या पावसाळ्यात मिरची, आन् तू त्या कर्नाटकातल्या बी-कंपनीच्या नोकरीवर जायचं. त्यांचा कागद येऊन पडलाय, त्यांना थांबवून ठिवलंय."

"कबूल," तृप्ती म्हणाली.

दैवशालाच्या कानात एकच शब्द राहिला, कर्नाटक. पुण्यापेक्षा लांब, बोली वेगळी. पोरीला ताप आला तर डॉक्टरला काय सांगेल आणि कसं सांगेल, इथपर्यंत तिचं मन त्याच जेवणात जाऊन आलं.

पावसाळ्याच्या तोंडाला रोपं लागली. वेली सुतळीवरून चढत चढत नेटच्या माथ्याला टेकल्या. हॉप्सला लांब दिवस लागतो, म्हणून अंधार पडल्यावर तृप्ती नेटमध्ये दिवे लावायची. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. चुलत जाऊ सुरेखा, जी क्रॉसिंगला दैवशालाबरोबर वाकायची आणि जिच्या तोंडाला लगाम नव्हता, एकदा बांधावरून ओरडली, "अक्का, कुणाचं लगीन हाय गं नेटमधी? आम्हाला पत्रिका न्हाई आली!"

"तुझंच हाय, ये की."

"मला कोन करतंय आता. पोरीचं बघ. बिअरवाली म्हनून गाव वळखायला लागलंय. सोयरिक घेऊन येनारा आधी बाटली मागंल, मंग पोरगी."

दैवशाला हसली, पण ते वाक्य तिच्या पोटात राहिलं.

दिवाळीनंतर दिवे बंद केले. दिवस लहान झाला की वेल फुलावर येते, तृप्तीने समजावलं. त्याच दिवसांत मिथुनने तिला पुण्याला बोलावलं. बोंडं तोडल्यावर कशी वाळवायची हे ब्रुअरीत राहून शिकून घ्यायचं होतं. फुलं यायच्या आत परत येईन असा तिचा अंदाज होता, तरी निघताना तिने आईला नेटमध्ये नेलं.

"ही रोपं बियांपासनं केलेली आहेत. त्यामुळं यात काही नर निघणार. आज बघून कळत नाही. फूल आलं की कळेल. ज्या वेलीला मोकळे, लोंबते घोस येतील, ती नर. तशी दिसली की काढून टाकायची."

"मला नको शिकवू बाई. नर काढता काढता ही केसं पिकली."

"म्हणून तर तुझ्यावर सोडून चालले," तृप्ती म्हणाली आणि आईच्या खांद्यावर हात टाकून चालायला लागली.

दैवशालाला ते फार आवडलं.

फुलं लवकर आली. थंडी पडायला हवी तेव्हा ऊन तापलं होतं, त्याने असेल. नेटच्या उगवतीकडच्या बाजूला काही वेलींवर मोकळे घोस लोंबू लागले आणि दैवशालाने बघताक्षणी ओळखलं, हे नर. बाकीच्या वेलींवर इवलेसे गोळे होते, त्यांतून पांढरे बारीक तंतू बाहेर आलेले. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. नेटमध्ये माशी नाही, मधमाशी नाही, वाऱ्याला जाळी आडवी. ही फुलं भरणार कशी? पोरगी पुस्तकं वाचून आली, पण प्लॉट काही तिने केलेला नाही. कर्नाटकच्या कंपनीचा कागद कपाटावर पडून होता. एक हंगाम दिलाय बापाने, आणि बोंडं पोचट निघाली तर?

नर उपटायला हात घातला नाही तिने. आधी क्रॉसिंग, मग नर, हा क्रम तिला कोणी शिकवायला नको होता. बाई आधी अंघोळ करते आणि मग कुंकू लावते, त्यात विचार करण्यासारखं काय असतं?

तिने स्वच्छ वाटी घेतली, नराचे घोस तिच्यावर झटकले. पिवळी धूळ भराभर पडली, मिरचीत एवढी कधी पडत नाही. मग स्टूल घेऊन ती एकेका वेलीखाली उभी राहिली आणि त्या पांढऱ्या तंतूंना बोटाने धूळ टेकवत गेली. मान भरून आली, डोळ्यांत जाळीचं ऊन उतरलं. सुरेखा डोकावली, "मजूर लाव की चार. एकटी मरून राह्यली."

"पोरीचं हाय. दुसऱ्याच्या हाती न्हाई द्यायचं."

उंच वेली सगळ्या होईपर्यंत रोज सकाळी ती हेच करत राहिली. झाल्यावर तिने एकूण एक नर मुळासकट काढला, बांधावर नेऊन जाळलासुद्धा.

पुण्याहून फोन आला. "आई, नर दिसले का?"

"दिसले. काढले पन."

"सगळे?"

"येक ठिवला न्हाई. बिलकुल काळजी करू नको."

"तू काळजी करू नको म्हणतेस म्हणजे कमालच झाली," तृप्ती हसली. फुलं लवकर आल्याचं कळल्यापासून तिच्या जिवात जीव नव्हता, तो आता आला. क्रॉसिंगचं दैवशाला काही बोलली नाही. लपवायचं नव्हतं तिला. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

तृप्ती परत आली तोवर गोळ्यांची बोंडं झाली होती. एकावर एक पाकळ्या, हिरवीगार, आणि हाताला चांगली जड. शिवाजी आधी नेटकडे फिरकत नव्हता, तोही बोंड तळहातावर घेऊन वजन बघायला लागला. "भरून राह्यली की गं," तो बायकोला म्हणाला. रोजचाच आवाज, पण दैवशालाला त्यात कर्नाटकची नोकरी लांब गेलेली ऐकू आली. तृप्ती मात्र एकदा बोंड दाबून बघत पुटपुटली होती, "फोटोत एवढी टणक वाटत नाहीत." पण पाणी जास्त झालं असेल, जात वेगळी असेल, असं म्हणत तिने तो विचार सोडून दिला.

संक्रांत झाल्यावर मिथुन माल बघायला आला. ब्रुअरीच्या मालकाचा निर्णय तोच घेणार होता. दैवशालाने त्याला तिळाची पोळी वाढली, त्याने तीन खाल्ल्या आणि म्हणाला, "काकू, आता तरी विचारू नका मी जेवलो का." सगळे हसले. मग सगळे नेटमध्ये गेले. मिथुनने एक बोंड खुडलं, दोन तळव्यांत चोळून नाकाला लावलं. त्याचा चेहरा उजळला. "वास भारी आहे, तृप्ती. खरंच भारी." मग त्याने दुसरं बोंड मधोमध फोडलं. तिसरं फोडलं. दुसऱ्या ओळीत जाऊन चौथं.

"काय झालं?" तृप्ती म्हणाली.

"बी आहे."

"एखाद्यात असेल."

"सगळ्यांत आहे. हे बघ. एकेका पाकळीखाली."

दैवशाला मागून पुढे झाली. पाकळ्यांच्या बुडाशी गोल, तपकिरी, टपोरं बी तिलाही दिसलं, आणि तिचा चेहरा फुलला.

"धरलंय ना बराबर?" ती म्हणाली. "धरनारच. पोचट न्हाई निघायचं एक. येक येक फूल मी माझ्या हातानं केलंय."

मिथुनने तृप्तीकडे बघितलं. तिला वाटलं, तिचं बोलणं त्यांना नीट कळलं नसेल.

"तू गेल्तीस ना पुण्याला, तवा. नराची भुकटी काढली, समद्या वेलींला लावली, मंगच नर उपटले. तू म्हनलीस तसे."

तृप्ती आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चालता चालता पायाखालची पायरी नाहीशी व्हावी, तशी ती बघत होती.

"आई, बी नको असतं यात," ती हळू म्हणाली. "बी धरू नये म्हणूनच नर काढायचे असतात. घोस उमलायच्या आधी."

"बियाबिगर बोंड कसं भरंल?"

"भरतं. ह्याचं भरतं."

मिथुनने सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. बियांचं तेल बिअरला वाईट चव आणतं, फेस बसवतं, एखाददुसरं असतं तर मालकाला सांगून बघितलं असतं, असं तो जमिनीकडे बघत बोलत राहिला. शिवाजीने विचारलं, "म्हंजी माल घेनार न्हाई?" मिथुन म्हणाला, "नाही घेता येणार, काका." शिवाजी नेटच्या दारातून बाहेर पडला आणि बैलाच्या गोठ्याकडे गेला, जिथे त्या वेळी काही काम नव्हतं.

निघताना मिथुनला डबा द्यायला दैवशाला विसरली नाही. तो तिच्या पाया पडला तेव्हा ती म्हणाली, "बाळा, मालकाला सांग, चूक पोरीची न्हाई." तो म्हणाला, "सांगतो काकू." पण मालकाला चूक कोणाची यात रस नसतो, तेवढं तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तृप्ती उठून बघते तर ओसरीवर चादर अंथरलेली, बोंडांची पाटी भरलेली, आणि दैवशाला आणि सुरेखा मांडी घालून बसलेल्या. दैवशाला एकेक पाकळी उचलून सुईच्या टोकाने बी काढत होती.

"काय करून राह्यल्या?"

"बी काढून राह्यलो," सुरेखा म्हणाली. "तुझी आई म्हनली, काढलं तर घेतील. मी म्हनलं चल, मिरचीचं काढतोच की आपन."

तृप्तीने चादरीकडे बघितलं. पाकळ्या सुट्या झाल्या होत्या आणि त्यांच्या बुडाशी असणारी कडू वासाची पिवळी भुकटी, जिच्यासाठी ही सगळी शेती, ती दोघींच्या बोटांना आणि चादरीला चिकटली होती.

"आई, असं नाही होत."

"तू बस तर खरी. दुपारपर्यंत पाटी व्हईल."

"आई, बास."

सुरेखा उठली. पदराला बोटं पुसताना तिने एक बोट चाटलं आणि थू केलं. एरवी तिने त्यावर काहीतरी चेष्टा केली असती. त्या दिवशी ती सरळ घरी गेली. दैवशाला मात्र बसून राहिली. तृप्तीने चादरीची चारी टोकं धरून सगळं गोळा केलं, उकिरड्यावर नेऊन झटकलं आणि चादर धुवायला टाकली.

मग दैवशालाने ते केलं जे तिने संसारात कधी केलं नव्हतं. नवऱ्याने घातलेली अट मोडायला सांगितली. "आजून येक हंगाम द्या. वेलीच्या मुळ्या जित्या हायेत. म्या हात लावनार न्हाई, नेटमधी पाय ठिवनार न्हाई. माझ्या चुकीपायी तिला का घालवता?"

शिवाजीने मळलेली तंबाखू तोंडात टाकली. "मी कुठं घालवतोय," तो म्हणाला. "सांग तिला. घे म्हनावं आजून येक साल. खर्चाचं मी बघतो."

दैवशाला धावतच आत गेली. तृप्ती फोनवरून काहीतरी पाठवत होती. बापाचं म्हणणं तिने ऐकून घेतलं.

"मी होकार कळवला, आई. कर्नाटकला."

"नको म्हनून कळव. अण्णा तयार हायेत."

"मिथुनच्या मालकाने परदेशातल्या मालाची वर्षभराची मागणी नोंदवून टाकली. लहान ब्रुअरी आहे, ती माझ्यासाठी थांबून नाही राहत. पुढच्या साली पिकवून मी देऊ कोणाला?"

"दुसरा कुनी बघू."

"बघेन कधीतरी," तृप्ती म्हणाली. ते तिने आईसाठी म्हटलं होतं, आणि आईला ते समजलं.

निघायच्या दिवशी जालन्याच्या स्टँडवर गाडीला उशीर होता. शिवाजी पाण्याची बाटली आणायला गेला. दैवशाला पिशवीचा बंद पुन्हापुन्हा आवळत होती. शेवटी तिच्याने राहवेना.

"बोल की गं मला. शिव्या दे. इतक्या दिवसांत येक शबूद वाकडा बोलली न्हाईस."

"काय बोलू? तू तर सगळं बराबरच केलंस. तुला जसं येतं तसंच."

"मंग मला येक फोन करायचं सुचलं न्हाई, ते बोल."

तृप्तीने तिचा हात हातात घेतला आणि गाडी लागेपर्यंत तसाच धरून ठेवला.

आता फोन ठरलेल्या वेळी येतो. दैवशाला जपून बोलते. हे खा, ते खाऊ नको, असं आधी एका दमात सांगायची, ते तिने सोडलं आहे. "काय करून राह्यली?" "प्लॉट बघून आले." "बरं." एवढंच बोलणं होतं. तिला वाटायचं, अशी गप्प राहिले तर हळूहळू पोरगी पहिल्यासारखी बोलायला लागेल.

होळीच्या सुमाराला एकदा ती पीठ मळत होती. शिवाजी फोनवर बोलत अंगणात फिरत होता. "ताप उतरला ना पुरता? सलाइन किती दिवस म्हनले?" दैवशालाचे हात थांबले. त्याने फोन ठेवला तशी ती दारात आली.

"कुनाला ताप?"

शिवाजीने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, "उतरलाय आता. आठ दिस झाले. दवाखान्यात ठिवली व्हती, संगतीच्या पोरी व्हत्या तिच्याजवळ. आता खोलीवर आली."

"मला न्हाई सांगितलं?"

"तिनंच सांगू नको म्हनली."

"का?"

शिवाजीला खोटं बोलता येत नसे. तो उंबऱ्याशी चपला काढत, खाली बघत म्हणाला, "आईला कळलं तर ती येऊन काहीतरी करायला लागंल, म्हनली."

दैवशाला पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली. मग आत जाऊन तिने परात पुढे ओढली. भाकरी करायच्या होत्या, दोघांपुरत्या.